ऐरणीपासून मोटारसायकलपर्यंत

दक्षिण स्पेनमध्ये, कादिझजवळ सान फेर्नान्दो गावात एका खितानोचं, म्हणजे स्पेनमधल्या रोमा समाजातल्या माणसाचं, लोहारकामाचं दुकान होतं. त्याचा मुलगा होसे मोन्खे 1950 सालचा. अंगानं किरकोळ, गोरापान. घरच्यांनी त्याला नाव ठेवलं कामारोन, म्हणजे कोळंबी. पुढे फ्लामेंको गायकीचा सगळ्यात मोठा आवाज म्हणून जगानं त्याला याच नावानं ओळखलं.

फ्लामेंकोत 'मार्तिनेते' नावाचा गानप्रकार आहे. लोहाराच्या भट्टीशी जोडलेला. गिटार नाही, साथीला फार तर ऐरणीवर पडणारा हातोडा. म्हणजे कारखान्याचा आवाज या गाण्यात यंत्रयुगाच्याही आधीपासून आहे. आधुनिक ध्वनिमुद्रणानं फ्लामेंको बाटला, अशी ओरड होते तेव्हा ही ऐरण आठवावी.

कामारोननं पाको दे लुसियाच्या गिटारीसोबत 1969 ते 1977 या काळात नऊ ध्वनिमुद्रिका केल्या. मग 1979 साली आली 'ला लेयेंदा देल तिएम्पो'. निर्माता रिकार्दो पाचोन, गिटारीवर तरुण तोमातितो, शब्द बरेचसे कवी लोर्काचे, आणि सोबत ड्रम, इलेक्ट्रिक बास, सिंथेसायझर. शेवटच्या अंगाईगीतात तर ग्वालबेर्तोची सतार! रोमा लोकांची मूळ भाषा भारतातून गेलेली. पाण्याला स्पेनच्या खितानोंचा शब्द आहे 'पान्यी'. त्यामुळे ती सतार मराठी कानाला हलवून जाते. खितानो श्रोत्यांना मात्र हा आपला कामारोन वाटेना. अनेकांनी तबकड्या दुकानात परत नेऊन दिल्याच्या हकिकती सांगतात. 1992 साली तो गेला तोवर सहा हजार प्रतीही खपल्या नव्हत्या. आज तीच ध्वनिमुद्रिका मैलाचा दगड मानतात.

पुढे ग्रानादाच्या एन्रिके मोरेन्ते या फ्लामेंको गायकानं 1996 साली 'ओमेगा' या ध्वनिमुद्रिकेत लागार्तिखा निक हा रॉक बँड घेऊन लोर्काच्या कविता आणि लेनर्ड कोहेनची गाणी एकत्र गायली.

एवढं सगळं बदलूनही गाणं फ्लामेंको राहतं ते 'कोम्पास'मुळे, म्हणजे तालाच्या आवर्तनामुळे. सोलेआ या प्रकारात बारा मात्रा. जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. आपल्या एकतालाच्याही मात्रा बाराच, पण वजन निराळं. ताल धरायचा टाळ्यांनी. टाळी तळहात खोलगट करून दिली की आवाज दबका. तळहातावर बोटं आपटली की खणखणीत. गायक हुंकार लांबवत कुठेही जावो, टाळ्या देणारे त्याला मात्रेवर पकडतात.

आजची गायिका रोसालिया, तिच्याकडे बघायचं ते इथून. ती कातालोनियाची, खितानो नाही. होसे मिगेल विस्काया या गुरूकडे ती वर्षानुवर्षं गाणं शिकली. 'एल माल केरेर' ही 2018 ची ध्वनिमुद्रिका तिनं एल गिंचो या निर्मात्याबरोबर केली. बायकोला कोंडून ठेवणाऱ्या संशयी नवऱ्याची तेराव्या शतकातली कथा, अकरा गाण्यांत. तिला लॅटिन ग्रॅमी मिळाले, आणि आमचं दुःख हिनं बाजारात नेलं, हा खितानो कार्यकर्त्यांचा आरोपही आला. पिढ्यान् पिढ्या हाकललेल्या लोकांची ती वेदना रास्त आहे. रोसालियाची तालीमही खरीच आहे.

'दे आकी नो सालेस' या तिच्या गाण्यात नवऱ्याचा राग वाद्यांनी दाखवलेलाच नाही. मोटारसायकल गुरगुरते, ब्रेक किंचाळतात, आणि इंजिनाचा प्रत्येक झटका टाळ्यांच्या बरोबरीनं मात्रेवर पडतो, हातोडा ऐरणीवर पडावा तसा.