गाडी ताब्यात येण्याआधी

उकव्याची नोंदणी : मँगनीजच्या खाणीचे हे गाव बालाघाट जिल्ह्यात, क्रमांक एमपी-५०. शेजारच्या गोंदियाचा एमएच-३५. महाराष्ट्रात गाडी घेऊन ती बालाघाटला नोंदवायची तर आधी तात्पुरती नोंदणी लागते. नोंदणीविना, निदान तात्पुरत्या नोंदणीविना, विक्रेत्याने गाडी ग्राहकाला देऊ नये, असे केंद्रीय मोटार वाहन नियम ४२ सांगतो.

पीडीआय : डिलिव्हरीपूर्व तपासणी. काम सर्व्हिस विभागाचे, तारीख मात्र विक्री विभाग देतो. बॅटरी, टायरमधली हवा, ऑइल, कूलंट, दिवे, रंगावरचे ओरखडे पाहतात. पहिली मोफत सर्व्हिस वेगळी. ती गाडी वापरात आल्यानंतर.

कामाचा क्रम : गाडीचे वाटप, पीडीआय, बिल, विमा, आरटीओ, नंबरप्लेट. विम्याशिवाय नोंदणी नाही, नोंदणी क्रमांकाशिवाय प्लेट नाही. बिल, विमा आणि गाडी यांवरचा चॅसिस क्रमांक एकच हवा; एक आकडा चुकला तरी कागद परत फिरतात. ॲक्सेसरीजचे वायरिंग झाले, की दिवे आणि हॉर्न पुन्हा तपासायचे.

फॉर्म : २० नोंदणीचा अर्ज, २१ विक्री प्रमाणपत्र, २२ उत्पादकाचे रस्तायोग्यता प्रमाणपत्र.

सक्ती लागू झाल्याच्या तारखा :
• १ डिसेंबर २०१७ : नव्या चारचाकीला फास्टॅग.
• १ सप्टेंबर २०१८ : नव्या मोटारीला ३, दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा.
• १ एप्रिल २०१९ : नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट. ती उत्पादक पुरवतो, विक्रेता बसवतो.