शून्य गुणांची मुंबई

दिल्लीहून येणारी कर्नाटक एक्स्प्रेस दौंडला लागली की आमच्या अण्णांची धावपळ सुरू व्हायची. अण्णा रेल्वेत पॉइंट्समन. मनमाडहून आलेली गाडी सोलापूरकडे न्यायची तर दौंडला तिचं तोंड फिरवावं लागे, कारण दोन्ही लाइनी स्टेशनात एकाच बाजूने शिरतात. इंजिन सोडवायचं, दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं, की गाडी उलटी निघाली. झोपेतून दचकून उठलेला एखादा नवखा विचारायचाच, ‘अहो, परत दिल्लीला चालली का काय?’ तेवढ्या वेळात फलाटावर चहा आणि वडे खपायचे.

पुढे मी कॉलेजात गणित शिकवलं. जाळ्यांचा विषय आला की फळ्यावर हमखास रेल्वे काढायचे. स्टेशन म्हणजे ठिपका, रूळ म्हणजे रेघ. सात ठिपके: मुंबई, कल्याण, मनमाड, पुणे, दौंड, सोलापूर, बारामती. मुंबईहून कल्याण, कल्याणला दोन फाटे, एक मनमाडला, एक पुण्याला, ते दोन्ही दौंडला येऊन मिळतात, दौंडहून एक रेघ सोलापूरला, एक बारामतीला. (पुण्याहून मिरजेला आणि मनमाडहून भुसावळला जाणाऱ्या लाइनी सोडून द्यायचे, नाहीतर फळा पुरत नसे.) मग विचारायचे, यात सगळ्यात महत्त्वाचं स्टेशन कोणतं? अख्खा वर्ग ओरडायचा, ‘मुंबई!’

चला, मोजू. सगळ्यात सोपं माप म्हणजे ठिपक्याला किती रेघा चिकटल्यात ते. दौंडला चार, कल्याणला तीन, पुणे आणि मनमाडला दोन-दोन. मुंबईला एक, म्हणजे बारामतीएवढीच. वर्गात हशा.

दुसरं माप जवळिकीचं. एका ठिपक्यापासून बाकी सहांपर्यंत किती टप्पे पडतात, त्यांची बेरीज करायची. बेरीज जितकी कमी तितकं बरं. दौंड ९, पुणे आणि मनमाड १०, कल्याण ११. मुंबई १६, सगळ्यात शेवटी.

तिसरं माप माझं लाडकं. लिंटन फ्रीमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने ते १९७७ साली नीट मांडलं. मी त्याला ‘मधलेपणा’ म्हणते. कुठल्याही दोन ठिपक्यांमधली सगळ्यात जवळची वाट बघायची आणि ती कुणावरून जाते ते मोजायचं. सारख्याच लांबीच्या दोन वाटा असल्या तर गुण अर्धा-अर्धा वाटायचा. दौंड सोडून उरलेल्या सहा स्टेशनांच्या जोड्या होतात १५. त्यांतल्या सोलापूर किंवा बारामती असलेल्या नऊ जोड्यांना दौंडवाचून गत्यंतर नाही. मनमाड-पुणे जोडीला दोन वाटा, एक कल्याणवरून आणि एक दौंडवरून, म्हणून तिथला अर्धा. दौंड साडेनऊ. कल्याण साडेपाच, पुणे आणि मनमाड तीन-तीन. जवळिकीत पुण्याच्या मागे पडलेलं कल्याण इथे पुढे गेलं, कारण मुंबईची वाटच त्याच्या दारातून जाते. आणि मुंबई? शून्य. शेवटचं स्टेशन ते. त्यावरून पुढे कुणी जातच नाही.

यावर एकदा एका मुलाने हात वर केला. ‘मॅडम, पण सगळ्यांना जायचं असतं मुंबईलाच.’ बरोबरच होतं त्याचं. या तिन्ही मापांना कोण कुठे निघालंय याची खबर नसते. त्यांना फक्त रेघा दिसतात.

मापांची आणखी एक जात आहे, वशिल्याची. तुमच्या ओळखी किती, यापेक्षा त्या कुणाशी, याला तिथे वजन. बड्या ठिपक्याने ओळख दिली की तुम्हीही थोडे बडे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली स्टॅनफर्डला याच चालीवर वेबपानांची क्रमवारी लावली आणि त्यातून गूगल उभं राहिलं.

निवृत्त व्हायच्या सुमाराला फळ्यावर एक रेघ वाढवावी लागली. मनमाडहून सोलापूरकडे गाड्या परस्पर जाव्यात म्हणून दौंडला कॉर्ड लाइन झाली. तोंड फिरवणं नको, इंजिनाची कसरत नको. मी मनमाड आणि सोलापूर थेट जोडले आणि पुन्हा गुण मांडले. दौंड साडेनवावरून साडेसहावर. हिशोबात एक गंमतही झाली: कल्याणहून सोलापूरला जायची जवळची वाट आता मनमाडवरून निघाली! ठिपके मोजले की असं होतं, किलोमीटर मोजले की होत नाही. अण्णा असते तर म्हणाले असते, ‘तुझ्या फळ्यावरून तिकीट नको गं काढू.’

मध्यंतरी रात्रीच्या गाडीने नातीला घेऊन मनमाडहून सोलापूरला गेले. दौंड यायच्या वेळेला मुद्दाम खिडकीशी बसले. स्टेशनचे दिवे बाजूला, लांबच राहिले. डब्यात सगळे गाढ झोपलेले. गाडी तोंड न फिरवता पुढे गेली आणि कुणी दचकून काही विचारलं नाही.