कालव्याकाठी कॅमेरा

शरदातल्या एखाद्या सकाळी पुण्यातील मुठा उजव्या कालव्याच्या काठाने कॅमेरा घेऊन निघावे. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, ऊन तिरपे असते, आणि कालव्याला पाणी सुटलेले असले तर त्यात काठच्या झाडांचे प्रतिबिंब पडते. ते टिपताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा काळसर असते. आणि कॅमेऱ्याचे भिंग पाण्याच्या पृष्ठभागावर नव्हे, तर पाण्यापर्यंतचे व तेथून झाडापर्यंतचे अंतर मिळून जेवढे होईल तेवढ्या अंतरावर जुळवावे लागते.

परंतु एवढ्यावरच परतू नये. खडकवासला धरणाचे पाणी या कालव्यातून केवळ उताराच्या बळावर पुढे जाते. पाण्याची उंची एकदम उतरू नये म्हणून कालवा टेकडीच्या कडेकडेने नेलेला आहे. त्यामुळे पर्वतीच्या पायथ्याशी एका अंगाला टेकडी, तर दुसऱ्या अंगाला पाण्याहून सखल भागातील वस्ती, आणि मध्ये बांध, अशी रचना झाली आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ हा बांध फुटला. दांडेकर पुलाकडील घरांत पाणी शिरून कित्येकांचे संसार उघड्यावर आले.

म्हणून प्रतिबिंबानंतर आणखी एक चित्र अवश्य घ्यावे. त्यात एका बाजूस पाण्याची पातळी व दुसऱ्या बाजूस घरांची छपरे एकत्र यावीत. बांधाची निगा का राखावयाची, हे ते चित्र पाहणाऱ्यास वेगळे सांगावे लागणार नाही.