गाळून झाल्यावर मिठाचं काय होतं?

किडनी म्हणजे रक्ताची चाळणी, ही समजूत अर्धीच खरी. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातलं सोडियम मिठात मोजलं, तर जवळजवळ दीड किलो भरेल. लघवीतून जातात मात्र जेमतेम काही ग्रॅम. बाकीचं मूत्रनलिकेच्या अस्तरातल्या पेशी परत रक्तात घालतात, आणि किडनीची खरी मेहनत तिथेच होते.

हे सोडियम आपोआप झिरपतं असंही अनेकांना वाटतं. पण पेशीचं पटल स्निग्ध असतं. विद्युतभार असलेल्या सोडियमला त्यातून वाट नाही, प्रथिनांची दारं लागतात. कोपनहेगनमध्ये उसिंग आणि कोफोड-योनसेन यांनी १९५८ साली याचा उलगडा केला, तोही बेडकाच्या कातडीवर! पेशीच्या एका बाजूने सोडियम आत येतं, दुसऱ्या बाजूचा पंप ते बाहेर फेकतो. हा पंप तीन सोडियम बाहेर काढून दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे आत सोडियमचा तुटवडा कायम राहतो आणि समोरच्या दाराला वेगळी ऊर्जा लागत नाही.

मूत्रनलिकेतही हीच रीत चालते. तिच्या सुरुवातीच्या वळणांतच दोनतृतीयांश सोडियम परत घेतलं जातं. नलिकेच्या शेवटच्या टप्प्यात ‘ईनॅक’ नावाच्या वाहिनीतून जातं ते अवघं दोन ते पाच टक्के. म्हणून ती किरकोळ ठरत नाही, कारण शरीरात मीठ किती ठेवायचं याचा शेवटचा निर्णय इथे होतो. मीठ कमी पडलं की अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि पटलावर जास्त वाहिन्या टिकतात. एरवी नेड४-२ हे प्रथिन त्यांच्यावर खूण करतं, आणि पेशी त्यांना आत ओढून मोडीत काढते.

ही मोडतोड थांबली तर? अमेरिकेत ग्रँट लिडल यांनी १९६३ साली एका कुटुंबाचं वर्णन केलं: रक्तदाब चढलेला, पोटॅशियम घसरलेलं, आणि अल्डोस्टेरॉन जवळपास नाहीच. कारण १९९४ साली सापडलं. नेड४-२ वाहिनीच्या ज्या शेपटीला धरतं, ती जनुकीय दोषामुळे तुटलेली होती. त्यातल्या एका रुग्णाला पुढे दुसऱ्याची किडनी बसवली आणि रक्तदाब ताळ्यावर आला. रक्तदाब म्हणजे फक्त हृदयाचं दुखणं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं.

आता स्वयंपाकघरातली समजूत: सैंधव चालतं. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. खाणीतलं सोडियम कोणतं आणि समुद्रातलं कोणतं, हे वाहिनीला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ही मर्यादा सैंधवालाही लागू आहे.

‘लो सोडियम’ मिठाची गोष्ट वेगळी. त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. ईनॅकमधून सोडियम आत गेलं, तरच पोटॅशियम लघवीत नीट टाकता येतं. अमिलोराइड हे औषध ही वाहिनी बंद करतं, तर स्पायरोनोलॅक्टोन हे औषध अल्डोस्टेरॉनला अडवतं. अशी गोळी चालू असताना किंवा किडनी कमजोर असताना हे मीठ खाल्लं, तर रक्तातलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडण्याइतकं वाढू शकतं. पुडा घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.