दिव्यांग बालकांचे शिक्षण आणि पालकांचा शब्द

हजेरीपटावरील नावे आम्ही शिक्षक रोज सकाळी पुकारतो. परंतु जे नाव त्या पटावर कधी चढलेच नाही, ते पुकारणार कोण? अशी मुले गावोगावी आहेत. कोणाला ऐकू येत नाही, कोणाचे हातपाय स्वाधीन नाहीत, कोणाची समज वयाच्या मानाने मागे राहिलेली आहे. घरची माणसे त्यांच्यावर जीव लावतात. पण 'याला शाळेचा काय उपयोग?' या प्रश्नापाशी सारी थबकतात.

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात २१ आहेत. स्वमग्नता आणि वाचन-लेखनात अडखळविणारी अध्ययन-अक्षमता यांना त्यात स्थान मिळाले. ज्याचे अपंगत्व शेकडा ४० वा अधिक आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण घेण्याचा हक्क आहे. आमच्या गोव्यात पर्वरी येथील संजय विशेष शिक्षण केंद्र ही अशीच एक विशेष शाळा होय. अपंगत्व फारच तीव्र असेल, तर घरी राहून शिकण्याची मुभा शिक्षणहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने दिलेली आहे.

मग अडते कोठे? हक्क कागदावर निजलेला असतो; त्याला जागे करणारा हवा. मूल स्वतः मागू शकत नाही, म्हणून पालकांनीच त्याची वाणी व्हावे लागते. श्रीमती मिठू अलूर यांच्या कन्येला जन्मतः मेंदूचा पक्षाघात होता. योग्य शाळा नाही, हे पाहून या मातेने १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभारली. त्यांची कन्या मालिनी चिब पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाली आणि एका बोटाने टंकलेखन करून तिने आपले आत्मकथन लिहिले. एका घराने मागितलेले शिक्षण असे अनेक घरांना लाभले.

प्रत्येक पालकाला संस्था काढता येणार नाही; पण अर्ज लिहिता येईल. प्रथम शासकीय रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे. नंतर मुलाला नेमके काय हवे, ते मुख्याध्यापकांना लेखी कळवावे: तळमजल्यावर वर्ग, पुढच्या बाकावर जागा, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका, परीक्षेला लेखनिक अथवा वाढीव वेळ. अर्जाची पोच अवश्य घ्यावी. तोंडी विनंती वाऱ्यावर विरते. दाद लागली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. चौकशीच्या कामी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत.

'आमच्या पश्चात याचे कसे होईल?' ही चिंता अशा आईबापांना रात्री झोपू देत नाही. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो. अशी माहिती एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे पोचते, तेव्हा ती खरी कामास येते. म्हणून समदुःखी पालकांनी एकमेकांना भेटावे, कचेरीत जोडीने जावे. एकट्याचा संकोच दोघांत निम्मा होतो.

विद्यार्थिमित्रहो, कायदा मुलाला वर्गाच्या दारापर्यंत आणतो. आत आल्यावर बाकावर सरकून जागा देणे तुमच्या हाती आहे. आपल्या वाड्यावरचे एखादे मूल अद्याप घरीच बसलेले असेल, तर हा लेख त्याच्या आईवडिलांना वाचून दाखवा. पुढील जूनमध्ये एक नवे नाव पुकारण्याचा आनंद आम्हांला मिळेल.