कडू घास

बंगळूर शहराच्या आग्नेय अंगास बेळ्ळंदूर नावाचा भाग आहे. एके काळी हे मोठ्या तळ्याच्या काठचे एक खेडे होते. आज तेथे उंच इमारतींची दाटी झाली आहे. सरकारी नोकरीतील बदलीमुळे मी येथे राहावयास आलो, त्याला काही वर्षे झाली. या तळ्यात चल्लघट्टा नावाच्या खोऱ्यातून पाणी येते. त्या खोऱ्याने वर चालत गेले की गोल्फ खेळण्याचे विस्तीर्ण मैदान लागते आणि त्याच्या पलीकडे शहराचा जुना विमानतळ आहे.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी दुपारी एकच्या सुमारास मुंबईहून निघालेले एक विमान या मैदानावर कोसळले. आकाश निरभ्र होते, विमान अगदी नवे होते आणि धावपट्टी जेमतेम सातशे मीटर पुढे होती. विमानात १४६ माणसे होती. त्यांतील ९२ दगावली, ५४ वाचली. पुढे न्यायालयीन चौकशी झाली. विमान वाजवीपेक्षा खाली आणि मंद गतीने येत असल्याचे वैमानिकांच्या वेळीच ध्यानात आले नाही, असा तिचा निष्कर्ष होता. २००८ साली शहराची प्रवासी वाहतूक देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली. गोल्फचे मैदान मात्र जागच्या जागी आहे आणि तेथे आजही खेळ चालतो.

त्या मैदानाजवळून जाताना पूर्वी मला ९२ हा केवळ एक आकडा आठवत असे. दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ अचानक वारला आणि त्या आकड्याचा अर्थ माझ्यापुरता पालटला. वर्तमानपत्राच्या दृष्टीने त्या दिवशी ब्याण्णव माणसे गेली. परंतु ज्या घरातील माणूस गेले, त्या घराला ब्याण्णवांशी काय करावयाचे होते? त्याचे एकच गेले होते, आणि ते एक म्हणजेच सारे होते. सार्वजनिक शोक आणि घरचा शोक यांत हे एवढे अंतर आहे. ते अंतर तोडावे कसे, हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. ज्या घरात मृत्यू घडतो, त्या घरी चूल पेटत नाही. आप्त आणि शेजारी आपल्या घरून पिठले-भात घेऊन येतात आणि दुःखितांना आग्रहाने चार घास खावयास लावतात. याला आपण कडू घास म्हणतो. घराघराप्रमाणे रीत थोडी बदलते, मर्म मात्र एकच असते. ज्याला जगण्याची इच्छा उरलेली नाही, त्याला समाज म्हणतो, ‘तुझी चूल विझली असेल, पण माझी पेटलेली आहे.’ त्यानंतर सुतकाचे दहा दिवस येतात. समाचाराला माणसे येतात आणि बसून राहतात. तेराव्याला गोडाचे जेवण होते. शोक कधी सुरू करावा आणि जगाकडे पुन्हा कधी तोंड वळवावे, याचे हे एक सुजाण वेळापत्रकच आहे.

भाऊ गेला तेव्हा बेळ्ळंदूरच्या आमच्या इमारतीत मराठी घर आमचे एकटेच होते. आम्ही दहनविधी आटोपून परतलो, तो समोरच्या बिऱ्हाडातील कानडी आजी भात आणि सारू घेऊन दारात उभ्या होत्या. कडू घास हा शब्द त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ‘ऊट माडि’, म्हणजे ‘जेवा’, एवढेच त्या म्हणाल्या आणि माझी आई जेवून उठेपर्यंत जमिनीवर बसून राहिल्या. भाषा वेगळी होती, रीत तीच होती.

परंतु या वेळापत्रकात एक उणीव आहे, आणि ती मला पुढे जाणवली. तेराव्यानंतर सर्वांची पावले आपापल्या वाटेने जातात. ते स्वाभाविकही आहे. मात्र त्याच सुमारास घरातील माणसाला गेलेल्याची उणीव खऱ्या अर्थाने कळू लागते. तीन महिने उलटल्यावर आमच्याकडे येणारी माणसे हवापाण्याविषयी बोलत, महागाईविषयी बोलत, पण भावाचे नाव कोणी काढीत नसे. नाव काढले तर आईला दुःख होईल, असा त्यांचा समज होता. वस्तुतः कोणी नाव काढत नाही, हेच आईचे दुःख होते.

सार्वजनिक स्मरणाचा उपयोग येथे ध्यानात येतो. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ११ तारखेस, ब्रिटिश साम्राज्यात प्रथम दोन मिनिटांची स्तब्धता पाळण्यात आली. आपल्या देशात ३० जानेवारीस सकाळी अकरा वाजता ती पाळली जाते. त्या दोन मिनिटांत कोणी भाषण करीत नाही. उभा असलेला प्रत्येक जण आपापल्या मनात आपले माणूस आठवू शकतो, आणि तरीही तो एकटा नसतो. सार्वजनिक स्मरण घरच्या शोकाला असे उघड्यावर येण्याची मुभा देते.

दुर्घटना मोठी असली की शेजाराचा अर्थही मोठा करावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशीला गणपतींचे विसर्जन झाले होते. सुमारे आठ हजार माणसे गेली. जेथे गावातील प्रत्येक घरावर घाला पडला, तेथे कोणी कोणाकडे पिठले-भात न्यावा? अशा वेळी साऱ्या महाराष्ट्राला शेजारी व्हावे लागले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले पुण्यास आणली आणि त्यांच्या शिक्षणाची वर्षानुवर्षे काळजी वाहिली. तेराव्यानंतरचे काम म्हणतात ते हे.

याउलट ‘रामदास’ बोटीचे पाहा. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतील मासळी समुद्रात टाकून देऊन बुडणाऱ्यांना वर घेतले, असे सांगतात. पुढे महिन्याभरातच स्वातंत्र्य आले आणि त्या जल्लोषात कोकणातील त्या घरांचे रडणे बुडून गेले. कित्येकांचे देह समुद्राने परत दिले नाहीत. देह न मिळाल्यास पळसाची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा पालाशविधी आपल्याकडे आहे. शोकाला काहीतरी आधार लागतो, मग तो देहाचा असो, तिथीचा असो वा एखाद्या दगडावर कोरलेल्या नावाचा असो.

मी कारकुनी कागदांत आयुष्य घालविलेला माणूस आहे, म्हणून आणखी एक रोकडी गोष्ट सांगतो. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावयाची असते. त्यापाठोपाठ बँक, विमा, निवृत्तिवेतन आणि घराची कागदपत्रे येतात. ज्या हातांना तुळशीपुढचा दिवा लावण्याचे त्राण उरलेले नसते, त्यांना पाच-पाच अर्जांवर सह्या कराव्या लागतात. अशा वेळी शेजारच्याने ‘काही लागले तर सांगा’ एवढे म्हणून भागत नाही. दुःखी माणूस सांगत नसतो. ‘उद्या दहा वाजता मी तुमच्याबरोबर कचेरीत येतो,’ असे म्हणावे आणि जावे. माझ्या मते हाही कडू घासच आहे.

आणि वर्ष उलटले तरी पुन्हा एकदा त्या घरी जावे. गेलेल्याचे नाव घ्यावे, त्याची एखादी आठवण सांगावी. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे.

मागच्या फेब्रुवारीत मी आईला घेऊन चल्लघट्ट्याच्या बाजूने फिरावयास गेलो होतो. तेथे काय घडले होते, ते मी तिला सांगितले. ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘त्यांच्याही आया असतील रे.’ घरी परतल्यावर कित्येक महिन्यांनी ती आपण होऊन भावाविषयी बोलू लागली. तेवढ्यात समोरच्या आजी आल्या आणि ऐकत बसल्या. त्यांना आईचे मराठी कळत नव्हते. पण भावाचे नाव आले की त्या मान हलवीत होत्या.