तालमीतील माती

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तालमीच्या हौद्यातील तांबड्या मातीत हळद, तेल व ताक कालवण्याची चालही आम्हां हिंगोलीकरांच्या परिचयाची आहे. तिचे मर्म काय? तेलाताकाने माती मऊ राहते, धूळ बसते. रोज फावड्याने उकरली म्हणजे पाठीवर आदळणाऱ्या गड्याला ती गादीसारखी झेलते. उकरण्यात खंड पडला की तीच माती फरशीसारखी कठीण होते. वस्तादाची पारख आम्ही डावपेचांआधी येथेच करतो.

परंतु हळदीवर फाजील भरवसा टाकू नये. तिच्या अंगी जंतुनाशक गुण आहे खरा. तथापि धनुर्वाताचे जंतू बीजरूपाने मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात, ते हळदीला दाद देत नाहीत. म्हणून खरचटलेल्या कोपरावर आखाड्याचीच माती चोळण्याचा पुरुषार्थ जिवावर बेतू शकतो. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी. धनुर्वाताची लस दर १० वर्षांनी टोचून घ्यावी. जखम खोल वा मातीने भरलेली असून मागील लशीस ५ वर्षे उलटली असतील, तर तत्काळ. नायटा उठलेल्या गड्यास तो बरा होईतो हौद्यात उतरू देऊ नये, मग तो कितीही नावाजलेला असो. लंगोट आणि पंचा ज्याचा त्याचा निराळा ठेवावा.